अजिंठ्याची नक्कल : नोंद की नवं चित्र?



आमच्या वरणगावहून भुसावळ, जळगाव करत फर्दापूरला उतरलं की अजिंठा एका दिवसात पाहून होतो. त्यामुळे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपल्या ओळखीचा. पण आपण ओळखतो तो कोणता? भिंतीवरचा, की पुस्तकांतून आणि कॅलेंडरांवरून डोक्यात बसलेला?

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन इथल्या चित्रांच्या नकला केल्या. कॅनव्हासवर, तैलरंगात. या नकलांची एक गोष्ट मला फार आवडते. अनेक ठिकाणी त्यांनी पडलेला गिलावाही जसाच्या तसा रंगवलाय. जिथे चित्र नाही, तिथे ते कल्पनेने भरलं नाही.

पण दोषही आहे. मूळ चित्रं मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या भिंतीवर काढलेली. तैलरंगात तीच माणसं जड होतात, रेषेचा हलकेपणा हरवतो. नंतर १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार होते. ते भारतीय चित्रकलेची स्वतःची वाट शोधत होते, आणि त्यांना भिंतीवर आधी रेषा दिसली. भिंत एकच, पण प्रश्न वेगळा म्हणून उत्तरही वेगळं. म्हणून मी म्हणतो, नक्कल हेही नव्याने कल्पलेलं चित्रच असतं.

आता खरी अडचण. रंग नीट दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी भिंतीवर व्हार्निश लावलं. पुढे ते पिवळं पडलं आणि मूळ रंग झाकोळले. म्हणजे मोजताना नमुनाच बिघडला! आणि केलेल्या नोंदी तरी कुठे सुरक्षित राहिल्या? ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. तरीही ज्या वाचल्या, त्यांत भिंतीवरून आज गेलेला काही भाग शिल्लक आहे. त्यामुळे ‘नक्कलच ती’ म्हणून त्या बाजूला टाकता येत नाहीत.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी आलेखातले दोन विस्कटलेले बिंदू गुपचूप काढून टाकले होते. आलेख देखणा झाला. मार्गदर्शकांनी कारण विचारलं, तेव्हा मला सांगता आलं नाही. पडलेला गिलावा रंगवणारा तो विद्यार्थी माझ्यापेक्षा प्रामाणिक होता.

तेव्हा कुठलीही नोंद हातात आली, की चार प्रश्न विचारा : कोणी केली, कधी केली, कशाने केली, आणि ती करताना मूळ वस्तूचं काय झालं? पुढच्या वेळी अजिंठ्याला जाल तेव्हा छापील चित्र सोबत न्या आणि भिंतीसमोर उभं राहून ताडून बघा. फरक वहीत लिहा. तुमच्या संशोधनाची सुरुवात तिथूनही होऊ शकते.