घर ‘बांधणे’ आणि घर ‘घेणे’ : तीन कलाकृतींच्या आधारे एक विचार

१

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचा आशय सर्वांस परिचित आहे. तिच्यातील क्रियापदाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ही म्हण घर ‘बांधण्या’विषयी बोलते, ‘घेण्या’विषयी नव्हे. बांधणाऱ्याचे हाल तिला ठाऊक आहेत. गवंड्याचे खेटे, लाकडाचा भाव, अर्ध्यावर संपलेला पैसा हे सारे तिच्या पोटात आहे. परंतु जे घर अद्याप उभेच नाही, ज्याची जमीन दुसऱ्याची, ज्याचा नकाशा तिसऱ्याचा, आणि ज्यासाठी आपण वीस वर्षांचे वेतन आगाऊ लिहून देतो, अशा घराची तिला कल्पना नाही.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावी आजही घर प्रामुख्याने बांधले जाते किंवा वाटणीत येते. अशा गावातून नोकरीच्या निमित्ताने पुण्यामुंबईकडे जाणारा पदवीधर तरुण घराविषयीची ही ‘बांधण्या’ची भाषा बरोबर नेतो, आणि उपनगरातील तीनशे-चारशे चौरस फुटांच्या जागेपुढे उभा राहिला म्हणजे ती भाषा त्यास पुरत नाही. मग तो साहित्याकडे आणि चित्रपटाकडे वळला, तर तेथे त्यास काय आढळते? प्रस्तुत लेखाचा हा प्रश्न आहे. त्यासाठी तीन कलाकृती निवडल्या आहेत : पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ (१९५८), राजा ठाकूर यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट ‘मुंबईचा जावई’ (१९७०), आणि भीमसेन यांचा हिंदी चित्रपट ‘घरौंदा’ (१९७७). तिसरी कृती हिंदी असूनही येथे घेतली आहे. कारण तिच्या मुळाशी नागपुरात शिकलेले नाटककार डॉ. शंकर शेष यांची कथा आहे आणि तिचा विषय पूर्णतः मुंबईचा आहे.

२

‘बटाट्याची चाळ’ हे विनोदी वाङ्मयातील मानाचे पुस्तक आहे; त्याची थोरवी येथे नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. या पुस्तकाच्या चर्चेत एक विधान वारंवार केले जाते, ते असे की, पुस्तकातील हास्याचा उगम चाळीतल्या समूहजीवनात आहे. भिंती पातळ होत्या म्हणून मने जवळ होती, आणि माणसे ब्लॉकमध्ये गेली तेव्हा ते जीवन संपले. या विधानात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे.

‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण पाहावे. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन म्हणून ते वाचले जाते, व ते योग्यच आहे. पण त्याचा कथाभाग काय? चाळीचे भाडेकरू मालकाविरुद्ध गच्चीसाठी चळवळ करतात. सभा होतात, ठराव होतात, शिष्टमंडळ जाते. या सर्व गडबडीत एकाही भाडेकरूच्या मनात अशी भीती येत नाही की मालक आपल्याला जागा सोडावयास लावील. ही निर्धास्तता केवळ स्वभावातून आलेली नाही. तिला कायद्याचा आधार आहे. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने (अंमल १९४८ पासून) सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण भाडे ठरविले आणि भाडेकरूस सहजासहजी हलविणे अशक्य केले. ज्यास घर सोडावे लागत नाही तोच घरमालकाशी गमतीने भांडू शकतो. बटाट्याच्या चाळीतील विनोदाचा एक पाया या कायद्यात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच कायद्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. गोठलेल्या भाड्यात मालकास दुरुस्ती परवडेना. इमारती खचू लागल्या, इतक्या की १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात लाभ उरला नाही. जो आत होता तो सुरक्षित राहिला. जो उशिरा आला त्याच्यापुढे पागडी किंवा मालकीचे घर एवढेच मार्ग उरले. पुस्तकाच्या अखेरच्या ‘चिंतना’त जी हुरहुर आहे ती आत असणाऱ्याची हुरहुर आहे. दाराबाहेर उभा असलेला माणूस त्या चिंतनात नाही. मुंबईच्या बोलीत ‘जागा मिळाली का?’ असा प्रश्न विचारीत. ‘मिळणे’ या क्रियापदात कर्ता जवळजवळ निष्क्रिय असतो. मिळालेल्यांनी न मिळालेल्यांविषयी फारसे लिहिले नाही.

येथे वऱ्हाडच्या वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पण मुंबईचा १९४७ चा कायदा येथे लागू झाला नाही. येथील भाडे १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेशानुसार चालत राहिले. सर्व महाराष्ट्रास एकच भाडे नियंत्रण कायदा २००० सालच्या ३१ मार्चपासून लागू झाला. तात्पर्य, चाळीविषयीची जी ओढ वऱ्हाडी वाचकास वाटते ती अनुभवाची नसून वाचनाची आहे. वाचनाने आलेली ओढ खोटी नसते. परंतु तिच्यामागील व्यवस्था वाचकाने जाणून घेतली पाहिजे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने ही जाणीव करून दिली. १९८२ च्या गिरणी संपानंतर खोली तीच राहिली, पण वेतन गेले, आणि चाळीतले हसू संपले. घराची शाश्वती आणि मिळकतीची शाश्वती या दोहोंवर ते हसू उभे होते.

३

‘मुंबईचा जावई’ची गोष्ट साधी आहे. बाहेरगावच्या मोकळ्या घरातील मुलगी मुंबईत सून म्हणून येते. सासर प्रेमळ आहे, परंतु जागा इतकी अपुरी की नवपरिणित जोडप्यास एकांत मिळत नाही. याच कथेवर बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट काढला, यावरून ती तत्कालीन प्रेक्षकास किती जवळची वाटली असेल हे कळते. चित्रपटाचा पूर्वार्ध उत्तम आहे. घराची अडचण येथे आकड्यांनी सांगितलेली नाही. अंथरुणे घालण्याचा क्रम, दाराची कडी आणि वडीलधाऱ्यांचा खोकला यांतून ती प्रेक्षकापर्यंत पोचते. विवाहासारखी खाजगी गोष्ट जागेच्या प्रश्नाशी कशी जखडली आहे हे इतक्या सौम्यपणे दाखविणे सोपे नव्हते.

आपला आक्षेप उत्तरार्धाविषयी आहे. माहेरची माणसे मुलीस परत नेऊ पाहतात. घरातील प्रत्येक जण तिच्यासाठी आपली सोय सोडावयास तयार होतो. त्या मायेने भारावून ती राहते. खोल्या तेवढ्याच राहतात, फक्त तक्रार मागे घेतली जाते. ज्या अडचणीस जमीन, बांधकाम आणि वेतन यांची कारणे होती तिला मनाच्या मोठेपणाचे उत्तर दिले गेले, आणि ते उत्तर देण्याचा भार नव्या सुनेवर पडला. येथे स्त्रीची सहनशीलता घराच्या क्षेत्रफळाची उणीव भरून काढते. हा तोडगा प्रेक्षकास गोड वाटला यात नवल नाही. तो त्याच्या अंगवळणी पडलेला होता.

४

‘घरौंदा’मध्ये ‘घेणारा’ प्रथम स्पष्ट रूपाने पुढे येतो. सुदीप आणि छाया एकाच कचेरीत काम करतात. त्यांना विवाह करावयाचा आहे, पण त्याआधी घर हवे आहे. सुदीप मित्रांसमवेत एका खोलीत राहतो. छाया भावाच्या संसारात राहते. दोघे पै पै साठवून एका इमारतीत फ्लॅट नोंदवितात आणि अजून उभे न राहिलेल्या त्या घरात मनाने राहू लागतात. मग बांधणारा पैसे घेऊन पसार होतो. सुदीपचा खोलीतला एक सोबती, ज्याचेही पैसे बुडाले आहेत, आत्महत्या करतो. येथवरचा चित्रपट अत्यंत प्रामाणिक आहे. जाहिराती वाचणे, दूरच्या वस्त्यांपर्यंत चकरा घालणे, आकडेमोड करणे, आणि प्रत्येक वेळी काही रक्कम कमी पडणे या पुनरावृत्तीत प्रथम घर घेणाऱ्याचा सारा अनुभव आला आहे.

त्यानंतर कथा वळण घेते. कचेरीचे मालक मोदी, वयस्क, विधुर आणि हृदयविकाराने आजारी, छायेस मागणी घालतात. सुदीपच सुचवितो की तिने ती मान्य करावी; मोदी फार दिवस जगणार नाहीत आणि मग घर व पैसा दोन्ही आपले होतील. छाया दुखावते, पुढे विवाह करते, आणि मोदींच्या सहवासात तिचे मन बदलते. मोदी बरे होऊ लागतात. डॉ. श्रीराम लागू यांनी मोदी इतक्या संयमाने उभा केला आहे की प्रेक्षकाची सहानुभूती हळूहळू त्याच्याकडे जाते.

सुदीपची सूचना हा चित्रपटातील सर्वांत धीट क्षण होय. ‘मुंबईचा जावई’मध्ये स्त्रीच्या सहनशीलतेवर जे घर चालते, ते येथे उघडपणे स्त्रीच्या मोलाने विकत घेण्याचे ठरते. परंतु याच क्षणी चित्रपट आपला मूळ प्रश्न सोडून देतो. पळून गेलेला बांधणारा पुन्हा विचारात येत नाही. उत्तरार्ध छायेचे मन कोणाकडे झुकेल याभोवती फिरतो. घराचा प्रश्न नीतीचा होतो, नीतीचा प्रश्न प्रेमाचा होतो, आणि प्रेमाचा निकाल लागला की सर्व प्रश्न मिटले असे भासविले जाते.

येथे एक आक्षेप संभवतो : कलाकृतीने गृहनिर्माणाचा अहवाल द्यावा अशी अपेक्षा का करावी? ती अपेक्षा नाही. कलाकृतीने उपाय सांगावा, असेही म्हणणे नाही. मात्र तिने स्वतःच उभा केलेला प्रश्न तिने शेवटपर्यंत बाळगावा, एवढे म्हणण्याचा समीक्षेस अधिकार आहे. महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांविषयीचा कायदा १९६३ मध्येच झाला होता. आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वी लेखी करार करणे, तो नोंदविणे, ताब्याची तारीख सांगणे ही बंधने त्याने बांधणाऱ्यावर घातली होती. चौदा वर्षांनंतरच्या या चित्रपटातील दोन सुशिक्षित नोकरदारांस त्या कायद्याचा काहीही उपयोग होत नाही, ही वस्तुस्थिती त्रिकोणी प्रेमकथेहून अधिक नाट्यमय होती. ज्या १९७७ साली हा चित्रपट आला त्याच साली हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने घरांसाठी कर्ज देणारी एच.डी.एफ.सी. ही संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘म्हाडा’चे काम सुरू झाले. सुदीप आणि छाया या दोन्ही व्यवस्थांच्या उंबरठ्यावर उभी होती. त्यांची शोकांतिका दैवाची नव्हती, एका विशिष्ट काळाची होती. चित्रपट ती दैवाच्या आणि स्वभावाच्या खाती मांडतो, हा त्याचा मुख्य दोष मानला पाहिजे.

५

तेव्हापासून पुष्कळ बदलले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले; महाराष्ट्रातील नियामक प्राधिकरण २०१७ पासून काम करीत आहे. पळून जाणाऱ्याची वाट काहीशी अरुंद झाली. परंतु ‘घरौंदा’च्या पूर्वार्धातील पुनरावृत्ती, म्हणजे दरवेळी थोडी कमी पडणारी रक्कम आणि दरवेळी एक स्थानक पुढे सरकणारे घर, तशीच आहे.

या अनुभवाची आजची भाषा तपासण्यासारखी आहे. ‘परवडणे’ हे क्रियापद मराठीत चतुर्थीवाचून अपुरे असते. मला परवडते, त्याला परवडत नाही. ‘परवडणारी घरे’ या शासकीय व जाहिरातीच्या शब्दप्रयोगात ही चतुर्थी गळून पडली आहे. परवडणारी, पण कोणाला? वस्तू व सेवा कराच्या २०१९ च्या दररचनेत याचे उत्तर महानगरांत साठ चौरस मीटर, अन्यत्र नव्वद चौरस मीटर चटई क्षेत्र आणि दोन्हीकडे पंचेचाळीस लाखांपर्यंत किंमत असे दिले गेले. ही व्याख्या घराची आहे. घेणाऱ्याच्या वेतनाचा तिच्यात उल्लेख नाही. म्हाडाच्या सोडतीत उत्पन्नाचे गट आहेत हे खरे, पण तेथे क्रियापद पुन्हा बदलते. तेथे घर ‘लागते’, जसे बक्षीस लागते. ‘बांधणे’, ‘मिळणे’, ‘घेणे’, ‘लागणे’ या क्रमात माणसाचा घरावरील अधिकार वाढत गेला आहे की कमी होत गेला आहे, हे भाषाच सांगते.

किन्हीराजासारख्या गावातील तरुणाच्या बाबतीत ही अडचण दुहेरी होते. उपनगरातील घराची पहिली रक्कम उभी करण्यासाठी वडील गावठाणातील घराकडे पाहतात. त्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून कर्ज देणारा त्या घरास तारण मानण्यास कचरतो. गावठाणाचे मोजमाप करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली ती याच कारणाने. वडिलांनी स्वतः बांधलेल्या घरास बाजारात किंमत येत नाही, आणि मुलाने घ्यावयाच्या घराविषयी किमतीवाचून दुसरे काही बोलले जात नाही. एका कुटुंबातील ही दोन घरे आणि त्यांच्यामधील अंतर हा मराठी कादंबरीस योग्य विषय आहे. त्यात चाळीची हुरहुर नसेल, मायेचा तोडगा नसेल, आणि त्रिकोणी प्रेमही नसेल. हप्त्यांच्या वेळापत्रकाएवढा दीर्घ काळ मात्र तिच्यात असेल, आणि कादंबरीस काळच हवा असतो.

वर परीक्षिलेल्या तिन्ही कृतींनी आपापल्या परीने घराचे दार उघडले व अर्ध्यावर थांबून दुसरीकडे पाहिले. त्यांचे ऋण मान्य करूनच हे म्हणावयाचे आहे. म्हणीने बांधणाऱ्याचे हाल एका ओळीत टिपले. घेणाऱ्याचे हाल टिपण्याचे काम अजून शिल्लक आहे.