जिद्दीचं भाषण आणि जब्याचा दगड

पोराला ‘मोठी स्वप्नं बघ’ म्हणून सांगायला पैसे लागत नाहीत. म्हणून सगळेच सांगतात. शाळेतले पाहुणे सांगतात, पुढारी सांगतात, हल्ली मोबाइलवरची माणसंही सांगतात. जिद्द असली की अडथळे बाजूला होतात म्हणे. आणि नाही झाले तर? तर तुझीच जिद्द कमी पडली! म्हंजे मार खाल्ला त्याच्यावरच गुन्हा दाखल.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) या भाषणाला उघडं पाडतो. दोस्तांनो, म्हणून तो पुन्हा बघायला हवा.

फँड्री म्हंजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या त्याच समाजातला शाळकरी पोरगा. त्याची स्वप्नं केवढी? शालूनं एकदा आपल्याकडं बघावं. अंगावर जीन्स असावी. काळी चिमणी गावावी, तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल. बस. आणि जिद्द? चिमणीमागं रानोमाळ हिंडतो. जीन्ससाठी सायकलवर गारेगार विकतो, तर सायकलच गाडीखाली चेंगरते. जत्रेत नाचायला उतरतो, तर बाप लोकांदेखत डोक्यावर बत्ती देतो. जिद्दीत जब्या कुठं कमी पडला, दाखवा!

पांढरपेशे समीक्षक याला कोवळी प्रेमकथा म्हणून कुरवाळतात. काहीजण बापाला दोष देतात. पण किशोर कदमनं उभा केलेला कचरू नीट बघा. पोरीचं लग्न तोंडावर, हुंडा द्यायचा, हातात दमडी नाही. गावानं डुकरं धरायला सांगितलं, याला नाही म्हणायची सोय नाही. पोराची शाळा बाप बुडवत नाही, गाव बुडवतं. बापाच्या हातानं बुडवतं, एवढंच.

आम्ही सूतगिरणीत काम करणारी माणसं. सूत सारखं तुटायला लागलं तर सुताला जिद्दीचं भाषण कुणी देत नाही. चाती बघतात, कापूस बघतात, हवेतला दमटपणा बघतात. पोरांच्या बाबतीतच ही अक्कल कुठं जाते?

डुक्कर धरण्याचा प्रसंग या सिनेमाचा कणा आहे. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. अख्खं कुटुंब ताठ उभं राहतं. डुक्कर निसटतं. देशाचा मान राखणारी ही माणसं, आणि त्यांच्या हालावर हसणारा सगळा गाव. मग मेलेलं डुक्कर बांबूला बांधून चालतात, मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई. भिंतीवर चित्रं आहेत, भिंतीआड गाव तसंच आहे. यापेक्षा मोठा लेख आम्ही काय लिहिणार!

एक तक्रार मात्र आहे. शालूला सिनेमात आवाजच नाही. ती जब्याच्या नजरेतनं लांबनंच दिसते. जब्याची आई, बहिणी डुकरामागं धावतात, पण त्यांनी लहानपणी काय स्वप्न बघितलं होतं, हे कुणी विचारत नाही. बाईच्या स्वप्नाची बाकी आपल्या साहित्यातही थकलेलीच आहे.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेब नाही का जिद्दीनं शिकले? शिकले. पण १९१३ साली कोलंबियाला जाताना बडोद्याची शिष्यवृत्ती होती, हेही सांगा. आणि स्वतःच्या पदव्या भिंतीला टांगून ते बसले नाहीत. १९२७ ला महाडला तळ्यावर गेले, १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. एकट्याचं स्वप्न त्यांनी सगळ्यांच्या हक्काचं केलं. जिद्दीच्या भाषणातनं नेमका हाच भाग गाळतात.

शेवटी जब्या दगड मारतो, तो सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर येतो नि पडदा काळा होतो. आपण टाळ्या वाजवतो, जणू दगड दुसऱ्यालाच लागला! वस्तीतल्या पोराला ‘स्वप्न बघ’ सांगण्याआधी त्याला विचारा, शाळा कशानं बुडते? कामाला कोण बोलावतं? त्या बोलावणाऱ्याच्या दारात जाब विचारायला जायची तयारी असली, तर मग खुशाल स्वप्नाची गोष्ट काढा.