मुलांच्या चित्रपुस्तकांतील अपशब्द : वऱ्हाडी बोलीच्या संदर्भात

मुलांच्या पुस्तकात अपशब्द नसावा, हा संकेत मराठी बालवाङ्मयात इतका दृढ आहे की त्याची चिकित्सा क्वचितच होते. तथापि ‘अपशब्द’ या एका संज्ञेखाली तीन भिन्न गोष्टी एकत्र येतात : शिवी, ग्राम्य मानलेला शब्द आणि निव्वळ बोलीतील शब्द. हा भेद न केल्यास समीक्षेचा निर्णय चुकतो.

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे खामगाव-शेगावकडे, वऱ्हाडी बोलीत ‘लेका’ हे संबोधन मित्रास जिव्हाळ्याने लावले जाते. ‘बे’ समवयस्कांत सहज चालते, वडीलधाऱ्यांपुढे मात्र उद्धट ठरते. ‘भैताड’ म्हणजे मूर्ख. पण आई मुलास तसे म्हणते तेव्हा त्यात रागापेक्षा माया अधिक असू शकते. म्हणजेच शब्दाचा बरेवाईटपणा शब्दात नसून बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांच्या संबंधात असतो. हे नियम मुलाला शाळेपूर्वीच अवगत असतात. पोळ्याला तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांतून गावातील बड्यांची टर उडते; ती भाषा एरवी त्यांच्यासमोर चालत नाही, हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रमाण भाषेतील चित्रपुस्तकात या मुलास ‘लेका’ भेटत नाही, तसाच ‘डोया’ही भेटत नाही. ‘डोळा’चा ‘डोया’ होणे हा केवळ ध्वनिभेद. त्यात अशिष्ट असे काहीच नाही. परंतु दोन्ही शब्द एकाच दाराबाहेर राहिल्यामुळे घरची भाषाच वाईट, असा बोध मुलाने घेतला तर त्याचा दोष कोणाचा?

उलटपक्षी, निर्दोष शब्दांतूनही अवमान घडतो. चिऊकाऊच्या गोष्टीत एकही अपशब्द नाही. पण शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात भिजत उभा असता चिमणी बाळाची निमित्ते सांगून दार लावूनच ठेवते, आणि ऐकणाऱ्याने हसावे ते कावळ्यास. शेणाने सारवलेल्या घरातील मुलाने या गोष्टीत कोणाच्या बाजूस उभे राहावे, हा प्रश्न शब्दशुद्धीने सुटत नाही.

शब्द आणि कृती यांतील हे अंतर कुशल लेखकांनी ओळखले आहे. बेल्जियन चित्रकथाकार हर्जे याच्या टिनटिनमालेतील कॅप्टन हॅडॉक अविरत शिव्या देतो. पण त्या शास्त्रीय परिभाषेतील व आडवळणाच्या शब्दांतून घडविलेल्या आहेत. शिवीचा आवेश राहतो, अश्लीलता उरत नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे ‘ट्टॉक’ ही शिवी नव्हे. तथापि उत्कट क्षणी मुलास स्वतःचा उद्गार हवा असतो, ही गरज त्याने भागविली.

केवळ शब्द बदलण्याची मर्यादा 2023 साली रोआल्ड डालच्या पुस्तकांवरून झालेल्या वादात दिसून आली. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’च्या नव्या इंग्रजी आवृत्तीत ऑगस्टस ग्लूपसाठी ‘लठ्ठ’ऐवजी ‘प्रचंड’ या अर्थाचा शब्द योजण्यात आला. टीकेनंतर प्रकाशकांनी मूळ पाठही उपलब्ध ठेवण्याचे जाहीर केले. परंतु खादाडपणाबद्दल त्या मुलाची होणारी फजिती दोन्ही पाठांत कायमच राहिली. चित्रपुस्तकात ही अडचण अधिक तीव्र असते, कारण तेथे अर्धे कथन चित्र करते. मजकुरातून ‘काळा’, ‘जाडा’ हे शब्द काढले तरी हास्यास्पद चित्र तेच पुन्हा बोलते.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. ती भाषा पुस्तकात आणावयाची, तर तिच्यातील संबोधनेही आणावी लागतील. म्हणून ‘हा शब्द वाईट आहे काय?’ या प्रश्नाआधी समीक्षकाने ‘या पानावर कोण कोणास लहान करीत आहे?’ असे विचारणे उचित होय. या कसोटीवर दोन मित्रांमधील ‘लेका’ टिकतो. चिमणीचे बंद दार मात्र पुन्हा तपासावे लागते.