गीतरामायण ऐकायला आपण कशाला जातो?

विषय जाहीर झाला तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, 'गीतरामायणावर आता नवीन काय बोलणार?' प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, आज बोलायचंय ते गीतरामायणाच्या मैफलींबद्दल, आणि तिथे बसणाऱ्या आपल्या श्रोत्यांबद्दल. आम्ही म्हणजे नाशिकमधलं चार-पाच जणांचं एक जुनं टोळकं. रामनवमी जवळ आली की पंचवटीत, गंगापूर रोडला, कालिदास कलामंदिरात, जिथे कुठे गीतरामायण असेल तिथे आम्ही हजर. कधी तिकीट काढून, कधी सतरंजीवर मांडी घालून. किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. घरची मंडळी विचारतात, 'तेच तेच काय ऐकता?' या प्रश्नाचं उत्तर आम्हाला बरीच वर्षं नीट देता आलेलं नाही.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला ठाऊक आहेच, तरी एक गोष्ट लक्षात राहावी म्हणून सांगतो. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्या. पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन्न गाणी झाली. आणि ही छप्पन्न गाणी एका गळ्याची नव्हती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर होते. नावाड्यांचं गाणं, सेतू बांधणाऱ्या वानरांचं गाणं ही तर समूहगीतंच. रेडिओवरचं गीतरामायण म्हणजे गायकांचा एक मोठा मेळा होता.

मग रंगमंचावर काय झालं? बाबूजी एकटे गाऊ लागले. तेच दशरथ, तेच कौसल्या, तेच शूर्पणखा. (शूर्पणखेचं गाणं सुरू झालं की नाशिकच्या सभागृहात एक खुदखुद ऐकू येते. गावाचं नाव ज्या नाकावरून पडलं असं आपण सांगतो, त्याच नाकाची ही गोष्ट, हसू येणारच.) बाबूजींनी बाईचा आवाज काढला नाही की राक्षसाचा. ते सांगणाऱ्याच्या जागेवर बसून गात राहिले, जसा कीर्तनकार एकटाच उभा राहून सगळा दरबार उभा करतो. शब्द इतका स्वच्छ, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही जोडाक्षर ऐकू जावं. पुढे छप्पन्न गाणी त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली, घराघरांत पोचली. मेळ्याचं गीतरामायण मागे पडलं आणि बाबूजींचं गीतरामायण हेच मूळ, असं आपल्या कानांनी ठरवून टाकलं.

आता आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पंचवटीत एका मैफलीत एक तरुण मुलगी सीतेचं हरणाचं गाणं गायला बसली. तिने ते जरा संथ घेतलं. हट्ट होता, पण लाडिकपणा कमी. जणू या बाईला रानात खूप दिवसांनी काहीतरी हवंसं वाटलंय. एक जागा तिने वेगळी घेतली आणि आमच्या रांगेत चुळबुळ झाली. 'बाबूजी असं घेत नाहीत.' हे वाक्य आमच्यातल्याच एकाचं, आणि ते तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पुढच्या अंतऱ्यापासून ती मुकाट ध्वनिमुद्रिकेसारखं गाऊ लागली. आम्ही माना डोलावल्या. घरी परतताना रामकुंडाजवळ कुणाच्या तरी लक्षात आलं, की आकाशवाणीवर हे गाणं माणिक वर्मांनी गायलेलं. म्हणजे आम्ही जिला मूळ म्हणून दटावलं, ते मूळच नव्हतं! ती मुलगी बहुधा विसरली असेल. आम्हाला मात्र त्या रात्रीचा तो अर्धा अंतरा अजून हवा आहे.

आमच्यातल्या एकाकडे 'सेल्टिक वुमन' या आयरिश गायिकांच्या गटाच्या सीड्या आहेत. २००४ मध्ये डब्लिनमध्ये सुरू झालेला गट. पहिल्या गायिका कधीच बाहेर पडल्या, नव्या आल्या, त्याही बदलल्या. नाव तेच, गाणी बरीचशी तीच, गळे वेगळे. तरी चाहते पुन्हा पुन्हा जातात. कुणाला जुनी हवी असते, कुणाला नवी आवडते, वादही होतात. आम्हाला त्याचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठीच, की तिथे नव्या गळ्याला निदान नवा गळा म्हणून ऐकतात. आपल्याकडे आता मैफलीत चार-पाच गायक असतात, निवेदक असतो, मागे पडद्यावर चित्रं असतात, आणि पाचही जण एकाच ध्वनिमुद्रिकेकडे कान लावून गात असतात.

दुसरी तक्रार अंतऱ्यांची. दोन-अडीच तासांत पंधरा-सोळा गाणी बसवायची म्हणजे कात्री आलीच. पण कात्री कुठे लागते ते बघा. भरतभेटीचं गाणं घ्या. त्यात राम आधी कैकेयीला दोषातून सोडवतो, मग जन्ममरणाचं, ताटातुटीचं बोलतो आणि शेवटी भरताला ठामपणे सांगतो, की तू राज्य कर, मी वनात राहीन, पुन्हा इकडे येऊ नका. भावाची समजूत काढणारा भाऊ आहे तो. मैफलीत बहुतेक वेळा मधले तत्त्वज्ञानाचे अंतरे राहतात आणि कैकेयी व भरत दोघेही गळतात. उरतं ते दैवापुढे माणूस हतबल, एवढंच. मग लोक ते शोकसभेत लावतात. गदिमांनी ते रडवायला लिहिलेलं नाही हो, ते एका रडणाऱ्याला उभं करायला लिहिलंय. सहा गाणी कमी करा, पण हे अख्खं गा, असं आयोजकांना सांगावंसं वाटतं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं बोलतोय ते. पहिलं गीत आठवा, भूपातलं. ते गीत म्हणजे मैफलीचंच वर्णन आहे. दोन मुलं गात आहेत आणि समोर राम स्वतः ऐकतोय. ज्याची कथा, तोच श्रोता. त्याला त्यातला प्रसंग न् प्रसंग पाठ आहे, तो जगलाय ते. नवीन काय ऐकायचंय त्याला? तरी तो हेलावतो, आसन सोडून खाली येतो, त्या मुलांना कवटाळतो. गाणारी ही मुलं आपली आहेत, ही बापलेकांची भेट आहे, याचा त्या दोघांना पत्ताच नाही. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथे थोडंफार सापडतं. कथा माहीत असतेच. ऐकायचा असतो तो समोरचा गळा, आजचा. रामाने कुश-लवांना अडवून 'असं नव्हतं झालं' म्हटलेलं नाही, आणि तसं म्हणण्याचा अधिकार असलाच तर तो एकट्या त्यालाच होता.

बाबूजी २००२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके गीतरामायण गातात तेव्हा वडिलांच्या चाली मुलाच्या तोंडून येतात, त्या पहिल्या गीतासारखंच काहीसं. तिथेही आम्ही आधी सारखेपणा शोधत होतो. आता आवाज कुठे वेगळा पडतो तिकडे कान जातो, आणि मैफल जास्त लागते.

शेवटची भैरवी राहिली. वाल्मीकी मुलांना पाठवतो: रस्त्यात गा, राजवाड्यात गा, धन घेऊ नका. नेमक्या त्याच वेळी पार्किंगमधून गाडी आधी निघावी म्हणून निम्मं सभागृह उठतं. आम्हीही उठलोय, खोटं कशाला बोला. येत्या रामनवमीला बसून राहायचं ठरवलंय, आणि कुणी वेगळी जागा घेतली तर गप्प राहायचं. आता तुमचे प्रश्न घेऊ या. माईक मागे द्या जरा.