‘चटई’ ह्या शब्दाची दोन मापे

भाषेच्या अभ्यासकांनी आजवर चिकित्सेसाठी काव्य, कथा, बखरी व फार तर वृत्तपत्रे निवडली. घर घेणाऱ्याच्या हाती प्रथम पडणारे माहितीपत्रक आणि त्यामागून येणारा करारनामा ह्यांकडे मात्र त्यांचे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात इतका महाग पडणारा दुसरा मजकूर क्वचितच असेल. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत 2017 साली 11 व 2021 साली आणखी 23 गावे आली. त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी ही पुढे वगळण्यात आली. म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक, मांजरी बुद्रुक, वाघोली ह्या गावांच्या शिवारांत आज गृहप्रकल्प उभे राहत आहेत. ह्या प्रकल्पांच्या भाषेचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

ह्या भाषेविरुद्ध नेहमी ऐकू येणारी तक्रार नावांविषयीची आहे. प्रकल्पांना परकी नावे देतात, त्यामुळे गावाचे नाव मागे पडते, असे म्हणतात. तक्रार खोटी नाही, पण ती फार ताणण्यात अर्थ नाही. आजची बुधवार पेठ एके काळी मोहियाबाद होती, आणि ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ हे अस्सल ग्रामीण वाटणारे शब्दही मूळचे फारसीच होत. शिवाय मगरपट्टा व नांदेड सिटी ह्यांसारख्या, जमीनधारक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारलेल्या वसाहतींनी स्थळाची जुनी नावे राखलेली आहेत. नावे बदलतात आणि लोक त्यांना सरावतात. परक्या नावाच्या इमारतीत राहणाऱ्याची एक इंचही जागा त्या नावामुळे कमी होत नाही.

जागा कमी होते ती मापाच्या शब्दांमुळे. ‘बिल्ट-अप’, ‘सुपर बिल्ट-अप’, ‘सेलेबल’ हे ह्या व्यवसायातील शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. समजा, घरातील वापराची जागा 700 चौरस फूट आहे. तीवर 40 टक्के ‘लोडिंग’ चढविले की घर 980 चौरस फुटांचे होते आणि दर त्या 980 फुटांना लागतो. वरच्या 280 फुटांत भिंती, जिना व लिफ्टसमोरची मोकळी जागा ह्यांतील वाटा येतो. पण तो कोणत्या हिशेबाने धरला, हे त्या शब्दावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 ह्या कायद्याने ह्यांपैकी एका शब्दाचा अर्थ बांधून दिला. ‘कार्पेट एरिया’ म्हणजे सदनिकेतील निव्वळ वापरयोग्य क्षेत्र. त्यातून बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे उभे पोकळ मार्ग, खास त्या सदनिकेची बाल्कनी व गच्ची वगळावयाची, मात्र आतल्या पडभिंती धरावयाच्या. एका शब्दाच्या व्याख्येने इतक्या लोकांचे हित साधल्याची उदाहरणे विरळाच.

परंतु ही व्याख्या मराठीत आली ती ‘चटई क्षेत्र’ ह्या शब्दाने, आणि तो शब्द मराठीत रिकामा नव्हता. नगररचनेच्या परिभाषेत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा शब्द ‘एफएसआय’साठी रूढ आहे. हा निर्देशांक म्हणजे सर्व मजल्यांच्या गणनीय बांधकाम क्षेत्राचे भूखंडाच्या क्षेत्राशी असलेले प्रमाण. त्या बांधकामात बाहेरच्या भिंतीही मोजल्या जातात. म्हणजे इंग्रजीत ज्या कल्पनांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यांना मराठीत एकच ‘चटई’ पुरविली गेली. आणि एकीत जी भिंत धरावयाची तीच दुसरीत वगळावयाची. वृत्तपत्रांतून तर ‘निर्देशांक’ हे पदही गळून पडते व ‘वाढीव चटई क्षेत्र मंजूर’ एवढेच उरते.

येथे अशी शंका संभवते की, अनेकार्थता हा भाषेचा स्वभावच आहे. संदर्भाने अर्थ कळतो. जाणत्यांच्या बाबतीत हे खरे आहे. पण एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेस प्रस्तुत लेखक शेजारी ह्या नात्याने उपस्थित होता. वाढीव चटई क्षेत्र मिळणार असे वास्तुविशारदांनी सांगताच एका वृद्ध सभासदांनी विचारले, “म्हणजे आमच्या खोल्या तेवढ्या मोठ्या होणार ना, साहेब?” उत्तर आले, “तसं नाही, काका. ते चटई क्षेत्र वेगळं.” सभा पुढे गेली. संदर्भ दोघांपुढे एकच होता. परिभाषा मात्र एकालाच ठाऊक होती.

शब्दाच्या अर्थावर मालमत्ता कशी अवलंबून असते, ह्याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. इमारतीखालच्या खांबांमधील वाहनतळाची जागा स्वतंत्रपणे विकता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. 2010 च्या निवाड्यात महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका-मालकीविषयक कायद्यातील ‘फ्लॅट’ व ‘गॅरेज’ ह्या शब्दांचा अर्थ हा कळीचा मुद्दा ठरला. ती जागा ‘गॅरेज’ नव्हे, असा निर्णय झाला आणि विकासकाचा ती वेगळी विकण्याचा दावा फेटाळला गेला.

नव्या कायद्यानंतरही शब्दांचा खेळ थांबलेला नाही. ‘रेरा कार्पेट’ हा आकडा देऊन त्याखाली बाल्कनी मिळविलेले ‘वापरयोग्य क्षेत्र’ ठळक छापावे, अशी नवी रीत माहितीपत्रकांत दिसते. व्याख्येने जे वगळले ते विशेषणाने परत येते. ‘वापरयोग्य’ हे तर त्या व्याख्येतलेच विशेषण होय!

उपाय अवघड नाही. ‘चटई क्षेत्र’ हा शब्द घराच्या आतील जागेपुरता राखावा, आणि निर्देशांकासाठी ‘बांधकाम क्षेत्र निर्देशांक’ असा उघड अर्थाचा शब्द वापरावा. सामान्य माणूस जेथे चटई अंथरतो तीच जागा पहिल्या शब्दाने त्याच्या डोळ्यांपुढे येते, म्हणून त्यावर त्याचाच हक्क अधिक. परिभाषा घडविताना मूळ इंग्रजी शब्दाशी इमान राखले की आपले काम संपले, असे आपण मानत आलो. ती परिभाषा वाचून ज्याला सही करावयाची आहे, त्याच्याशीही इमान राखावयास हवे.