रापा नुई: रक्त काय सांगते, काय सांगत नाही

मंडळी, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. प्रशांत महासागरातल्या रापा नुईच्या, म्हणजे ईस्टर बेटाच्या लोकांना मात्र बाहेरचे लोक हेच विचारत आले. थोर हेयेरदाल १९४७ साली पेरूहून 'कॉन-टिकी' तराफ्यावर निघाला आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियात पोहोचला. तिथे, आणि रापा नुईवरही, पहिले आले ते दक्षिण अमेरिकेतले लोक, हे मग त्याने धरूनच ठेवले. अहो, तराफा पोहोचू शकतो म्हणजे तो पोहोचला होता, असे होत नाही!

आता २०२४ चा 'नेचर'मधला शोधनिबंध घ्या. १६७० ते १९५० या काळातल्या १५ रापानुईंचे जीनोम त्यात वाचले आहेत. वंश मुख्यतः पॉलिनेशियन, पण सुमारे १० टक्के अंश अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. ही सरमिसळ १२५० ते १४३० च्या दरम्यानची. पहिले युरोपीय जहाज आले १७२२ मध्ये. साल कसे काढतात? बाहेरून आलेले डीएनएचे सलग तुकडे पिढ्यांगणिक तुटून लहान होत जातात. त्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजायच्या आणि एक पिढी इतक्या वर्षांची, असे धरायचे. हे 'धरायचे' विसरू नका. शिवाय यातून भेट झाली एवढेच कळते. कोण कोणाच्या दारी गेले, ते नाही. भेट बेटावरच झाली का, तेही नाही. २०२० च्या एका अभ्यासाने तिचा सर्वांत जुना माग मार्केसस बेटांवर लावला होता. (आपले उपासाचे रताळेही मूळ अमेरिकेचे, आणि युरोपीयांच्या आधीच पॉलिनेशियात पिकत होते. पण नावाडी कोण, ते रताळेही सांगत नाही.)

माझ्या मते निबंधाचे खरे मोल दुसरीकडे आहे. ही माणसे झाडे तोडून आपल्याच हाताने बुडाली, असे जॅरेड डायमंड यांनी २००५ च्या 'कोलॅप्स'मध्ये मांडले. मीही वर्गात ते बोधकथेसारखे सांगितले आहे. लोकसंख्या एकदम कोसळली तर वंशजांच्या जीनोममधली विविधता आकसते. सतराव्या शतकातल्या तशा घसरणीची खूण इथे मिळत नाही. खरा घाला १८६० च्या दशकात पडला. पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी माणसे पळवली, मग देवीची साथ आली, काही जण बेट सोडून गेले; १८७७ मध्ये १११ जण उरले. ही कागदावरची नोंद होती, तिला डीएनए लागत नव्हता. तरी बोल बेटकऱ्यांनाच लागला.

आणि ते १५ जण? त्यांचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. ते रापानुईच आहेत, हे या अभ्यासाने पक्के केले. संशोधक बेटावर बोलायला गेले तेव्हा तिथल्या लोकांचा मुख्य विषय होता तो हे अवशेष घरी परत आणण्याचा.