पडवीतली भिंत

आमच्या नव्या घराच्या पडवीत, दाराच्या उजव्या हाताला, साडेअकरा फूट लांब आणि जवळजवळ दहा फूट उंच अशी जांभ्या दगडाची उघडी भिंत आहे. तिला गिलावा नाही, रंग नाही. घर पाहायला आलेली माणसं स्वयंपाकघराचा ओटा पाहतात, न्हाणीतली फरशी पाहतात, मागच्या विहिरीत डोकावतात. या भिंतीवरून त्यांची नजर नुसती पुढे जाते. मी मात्र गेलं वर्षभर रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसतो. तीस वर्षं शाळेत कविता शिकवली. कवितेत जितकं पाहायला मिळालं, तितकंच या भिंतीत मला मिळतं आहे.

आधी दगडाविषयी. सिंधुदुर्गात आमच्या सड्यावर दोन हात खणलं की जांभा लागतो. लाखो पावसाळे मुरून खडकातली सिलिका धुऊन गेली आणि मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरलं. त्या लोहाचा हा तांबडा रंग. खाणीत असताना तो इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने कापता येतो, आणि बाहेर काढून वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. जगभरच्या भूगर्भशास्त्रात रूढ झालेलं हे नाव असं घर बांधणाऱ्यांच्या हातांवरून पडलेलं आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता भिंत. जोत्यापासून मोजलं तर लिंटलपर्यंत अकरा थर, मग सहा इंचांचा काँक्रीटचा पट्टा, आणि त्यावर चार थर. खालचे तीन थर काळपट आहेत. ते चिरे आजोबांच्या पडलेल्या घराचे. नवे चिरे मागवायची यादी करताना घर बांधणाऱ्या मेस्त्रींनी त्या जुन्या चिऱ्यांची रास पाहिली, एक चिरा उचलून आपटला आणि म्हणाले, “ह्ये टाकू नकात. ह्ये आता लोखंड झाले.” मला वाटलं होतं, जुन्या घराची आठवण म्हणून एखादा दगड कुठेतरी बसवू. त्यांना आठवणीशी कर्तव्य नव्हतं. जमिनीची ओल आणि घराचा भार जिथे सर्वांत जास्त, तिथे सर्वांत मुरलेला दगड, एवढाच त्यांचा हिशेब. त्या चिऱ्यांवर हातांनी तासल्याच्या तिरक्या रेघा आहेत, पावसाच्या सरीसारख्या, सगळ्या एकाच दिशेने. वरचे नवे चिरे यंत्राने कापलेले. त्यांच्यावर फिरत्या पात्याच्या पुसट कमानी दिसतात. सकाळचं ऊन पडवीत तिरकं येतं तेव्हा या रेघा आणि कमानी उठून दिसतात, आणि तिसऱ्या व चौथ्या थरांमधल्या त्या अर्ध्या इंचाच्या दर्जेत साठ-सत्तर वर्षं गेलेली आहेत, हे डोळ्यांना कळतं.

भिंतीचा खरा जीव सांध्यांत आहे. एका थरात साडेनऊ चिरे बसतात. पहिला थर दाराकडे अर्ध्या चिऱ्याने सुरू होतो, दुसरा पूर्ण चिऱ्याने सुरू होऊन कोपऱ्यात अर्ध्यावर संपतो, तिसरा पुन्हा अर्ध्याने. गवंडी याला सांधा मोडणं म्हणतात. खालचे दोन दगड जिथे भेटतात तिथे वरच्या दगडाचं पोट यायला हवं. सांध्यावर सांधा आला की भेगेला वरपासून खालपर्यंत सरळ वाट मिळते. मला पहिल्याच आठवड्यात ओवी आठवली. तिचा तो अखेरचा आखूड चरण, ज्यामुळे ती पुढच्या ओवीकडे ओढ घेते. इथेही त्या अर्ध्या चिऱ्यामुळेच सगळी भिंत एकमेकीत गुंतते. तो अर्धा चिरा काढून टाकला तर उरेल ती दगडांची उतरंड.

हे सगळं मला मेस्त्रींना पाहून कळलं. ते आमचे कंत्राटदारही आणि मुख्य गवंडीही. सकाळी आले की पहिल्यांदा ओळंबा सोडायचे आणि तो स्थिर होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. मग पाण्याची नळी. पारदर्शक लांब नळी, तिच्या एका टोकाशी मेस्त्री, दुसऱ्या टोकाशी त्यांचा मुलगा, मध्ये अख्खं घर. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येऊन थांबायचं आणि दोघं एकाच वेळी पेन्सिलीची खूण करायचे. लेसरची लेव्हल आता सगळीकडे मिळते, त्यांच्याकडेही होती. पण कोपऱ्यापलीकडची पातळी ते नळीनेच घेत, कारण पाणी कोपरा वळून जातं.

प्रत्येक चिरा लावण्याआधी पाण्यात बुडवायचा, नाहीतर तो मालातलं पाणी पिऊन टाकतो आणि माल कोरडाच सुकतो. त्याआधी करणीच्या दांड्याने त्यावर टकटक करायचं. एखादा चिरा ते बाजूला ठेवत. “ह्यो बोलणा नाय,” एवढंच म्हणत. आतून पोकळ किंवा मातीच्या गाठींचा दगड बद्द वाजतो. दहा-बारा दिवसांनी मलाही तो फरक थोडा ऐकू यायला लागला, आणि त्या दिवशी जो आनंद झाला तो साठीनंतर क्वचित होतो.

या भिंतीत एक चूक आहे आणि ती माझी आहे. खिडकीची जागा नकाशाप्रमाणे धरून आठवा थर झाला होता. संध्याकाळी काम बंद झाल्यावर मी खोलीत, जिथे माझी खुर्ची येणार होती तिथे, एका उलट्या घमेल्यावर बसलो. समोरचं जांभळाचं झाड खिडकीच्या कडेने अर्धं कापलं जात होतं. रात्रभर झोप आली नाही. सकाळी भीत भीत मेस्त्रींना सांगितलं की खिडकी नऊ इंच उजवीकडे घ्यायला हवी. ते माझ्यामागून आत आले, त्याच घमेल्यावर बसले, झाडाकडे पाहिलं. मग उठून मुलाला म्हणाले, “काढ.” तीन थर उतरले. दोन दिवसांची मजुरी वाढली, तीही मी विचारल्यावर त्यांनी सांगितली.

त्या दुरुस्तीची खूण अजून वाचता येते. खिडकीच्या डावीकडे सहाव्या, सातव्या आणि आठव्या थरात दारापासून येणारी लय जराशी अडखळते. नऊ इंच भरून काढायला तिथे पाऊण चिरे घालावे लागले. तरी सांध्यावर सांधा कुठेही आलेला नाही. उतरवलेले दगड त्यांनी फिरवून लावले, जुना माल चिकटलेली बाजू आत आणि स्वच्छ बाजू बाहेर. सगळ्या भिंतीत मला हीच जागा सर्वांत आवडते. बाकी भिंतीत कसब दिसतं, इथे ते अडचणीत सापडलेलं दिसतं.

भिंत उघडी ठेवायची कल्पना माझी, कोणती ठेवायची हा निर्णय मेस्त्रींचा. मला पश्चिमेची हवी होती, कारण रस्त्यावरून तीच दिसते. त्यांनी साफ नाही म्हटलं. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडतो. उघडा जांभा पाणी पितो, आणि चार महिने पीत राहिला तर झिजतो. हा वाद नुसता आमच्या अंगणातला नाही. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च 1605 साली पूर्ण झालं. त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो 1950च्या दशकात काढला गेला, आणि आज तो लाल उघडा दगडच चर्चची ओळख होऊन बसला आहे. दगड पावसाने झिजतोय, गिलावा परत चढवा, असं संवर्धनाचं काम करणारे वास्तुतज्ज्ञ सांगत आले आहेत. माझं मन आधी उघड्या दगडाच्या बाजूचं होतं. आता नाही. दगड दिसावा म्हणून दगड झिजू देणं हे दगडावरचं प्रेम नव्हे. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला गिलावा आहे. पडवी पूर्वेला, तिचं छप्पर पुढे आलेलं, म्हणून हीच एक भिंत उघडी राहू शकली.

दार आणि खिडकीच्या मध्ये, नवव्या थरात, एक देवळी आहे. ती नकाशात नव्हती. मी जेवायला आत गेलो असताना मेस्त्रींनी एका चिऱ्याची जागा रिकामी सोडली आणि मागून पातळ दगड लावून बंद केली. परत आलो तेव्हा मी नुसता पाहत राहिलो. ते म्हणाले, “लाइट गेली तर दिवो खंय ठेवतलात?” तिन्हीसांजेला आता तिथेच पणती असते.

घर मिरगाच्या आधी शाकारून झालं. चतुर्थीला मेस्त्री सहकुटुंब आले. गणपतीला हात जोडले, करंजी खाल्ली आणि हात धुऊन पडवीत आले. चौथ्या थरावरून त्यांनी डावीकडून उजवीकडे तळवा फिरवत नेला आणि कोपऱ्याजवळ थांबवला.

“ह्ये पाच माजे न्हय,” ते म्हणाले. “झिलान बसयल्यान. त्याचे पयले.”

मी रोज ही भिंत न्याहाळत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. त्यांनी बोटाने दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या दर्जा दगडाच्या कडेपासून किंचित आत दाबलेल्या आहेत, या पाच चिऱ्यांभोवती माल काठोकाठ भरलेला आहे, एका ठिकाणी जरासा बाहेरही आला आहे. पहिल्यांदा भिंत लावणाऱ्या पोराला माल कमी पडेल अशी भीती वाटते, ते म्हणाले. मुलगा अंगणात मोटारसायकल पुसत उभा होता. मी त्याला हाक मारून आत बोलावलं.